नियम न पाळणारी मंडळी

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे, याबद्दल आमच्या सोसायटीत फारसे मतभेद नाहीत. सकाळी फिरायला जावे, दुपारी झोपावे आणि संध्याकाळी बाकावर बसून हल्लीच्या पिढीविषयी बोलावे. ज्यांना याहून अधिक काही करायची हौस असेल त्यांनी गीतेचा अध्याय पाठ करावा किंवा होमिओपथीच्या गोळ्या वाटाव्यात. त्यामुळे मी इटालियन शिकायला घेतले आहे ही बातमी बाकावर पोहोचली, तेव्हा तेथे क्षणभर शांतता पसरली. मग एकाने काळजीच्या सुरात विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळे ठीक होते. किंबहुना ठीक होते म्हणूनच ही वेळ आली होती. आमची मुलगी नोकरीसाठी इटलीत तोरिनोला, म्हणजे आपण ज्याला तुरीन म्हणतो त्या शहरात गेली आणि तेथल्याच एका मुलाशी तिने लग्न केले. जावई चांगला आहे. इंग्रजी बोलतो, पोहे मागून घेतो. व्याही आणि विहीणबाई त्याहूनही चांगले; पण त्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते आणि मला इटालियनचे. दर रविवारी फोनच्या पडद्यावर आम्ही चौघे समोरासमोर येत असू, हसत असू, हात हलवीत असू आणि पुन्हा हसत असू. मुलगी जवळ असली तर दुभाष्याचे काम करी. ती स्वयंपाकघरात गेली की आम्ही चौघे नुसते हसत राहत असू. अशी चार वर्षे गेली. एका रविवारी सौ. म्हणाली, "अहो, गाल दुखायला लागले. काहीतरी बोलायला शिका."

म्हणून मी पुस्तक आणले.

पहिले पंधरा दिवस मोठ्या मजेत गेले. इटालियन क्रियापदांची तीन कुळे आहेत. शेवटी 'आरे' असते ते पहिले, 'एरे' दुसरे, 'ईरे' तिसरे. 'पार्लारे' म्हणजे बोलणे. त्याचे शेपूट काढून टाकायचे आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहाजणांसाठी सहा नवी शेपटे लावायची: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. झाले! एक पाठ केले की त्याच्या कुळातली बाकीची आपोआप पाठ. ज्याने लहानपणी छडीच्या धाकाने 'रामः रामौ रामाः' घोकले आहे, त्याला हे काय अवघड? मी बाकावर जाऊन इटालियन फार सोपी आहे असे सांगूनही टाकले.

सोळाव्या दिवशी पान उलटले आणि 'आन्दारे' म्हणजे 'जाणे' समोर आले. मी आत्मविश्वासाने वहीत 'आन्दो' असे लिहिले. पुस्तक म्हणाले, 'वादो'. वादो, वाई, वा. मग एकाएकी आन्दियामो, आन्दाते. आणि शेवटी पुन्हा वान्नो. म्हणजे मी एकटा जातो तो एका धातूने, आणि आम्ही सगळे मिळून जातो तो दुसऱ्याच! मी पान पुढे उलटले, तर तेथे सगळी अशीच मंडळी बसलेली. असणे, करणे, देणे, येणे, म्हणणे, पिणे, जाणणे, शकणे. ज्यांच्यावाचून सकाळचा चहासुद्धा मागता येत नाही, ती सगळी क्रियापदे अनियमित. आणि नियमाला धरून वागणारी कोणती? तर 'मिठाचा खडा बारीक करणे' किंवा 'पताका लावून सजवणे' असल्या, वर्षातून एकदा लागणाऱ्या क्रिया.

मी मोठ्याने घोकू लागलो. सौ. शेंगा निवडता निवडता ऐकत असे. 'दारे' म्हणजे देणे. दो, दाई, दा, दियामो, दाते, दान्नो. "दाते?" ती थांबली. "पंचांगवाले?" मी म्हटले, "दाते म्हणजे तुम्ही देता." ती म्हणाली, "मग बरोबर आहे. आपल्याकडेही देतो तो दाता." पुढे आले 'उशीरे'. त्याचा अर्थ बाहेर पडणे. त्यावर ती एवढेच म्हणाली, "बाहेर पडणं आणि उशीर एकच, हे कळायला तुम्हाला परदेशी भाषा शिकावी लागली होय?"

दाता आणि दाते यांची गाठ तिने सहज मारली. पण ती खरीच आहे, हे मला नंतर पुस्तकांतून कळले. इटालियन ही लॅटिनची मुलगी. लॅटिन आणि संस्कृत या एकाच आजीच्या नाती. हे नाते प्रथम ज्यांच्या लक्षात आले त्यांपैकी एक गृहस्थ फिरेन्झेचा, म्हणजे फ्लॉरेन्सचा व्यापारी होता. फिलिप्पो सास्सेत्ती त्याचे नाव. तो १५८३ मध्ये हिंदुस्थानात आला, कोचीन आणि गोवा या बाजूला राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. मिरी खरेदी करता करता त्याने घरी पत्रे धाडली, आणि त्यांत लिहिले की येथल्या पंडितांच्या भाषेतले पुष्कळ शब्द आपल्यासारखे आहेत. आपला 'देव' तो त्यांचा 'दियो', आपला 'सर्प' तो त्यांचा 'सेर्पे', आणि सप्त, अष्ट, नव म्हणजे सेत्ते, ओत्तो, नोवे. विल्यम जोन्सने कलकत्त्याला आपले प्रसिद्ध भाषण केले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी.

पण गंमत अशी की, हे नाते सगळ्यांत ठळक दिसते ते या नियम मोडणाऱ्या क्रियापदांतच. संस्कृतात 'अस्ति', लॅटिनमध्ये 'एस्त', इटालियनमध्ये झिजून झिजून नुसते 'ए'. संस्कृतात 'पिबति', लॅटिनमध्ये 'बिबित', इटालियनमध्ये 'बेवे', आणि मराठीत 'पितो'. आपण मृत म्हणतो, ते 'मोर्तो' म्हणतात. सगळ्यांत नवल मला वाटले ते येण्याजाण्याचे. इटालियनमध्ये येणे म्हणजे 'वेनीरे'. भाषापंडित सांगतात, हा 'वेनीरे' आणि संस्कृतातला 'गम्' मुळात एकच. त्या 'गम्'चा 'गत' आणि 'गत'चा आपला 'गेला'. म्हणजे त्यांचे येणे आणि आपले जाणे ही सख्खी भावंडे! आणि हो, आपणही काही कमी नाही. 'जाणे'चे रूप 'जाला' व्हायला हवे, होते 'गेला'. 'येणे'चे 'आला'. 'करणे'चे 'केले'. 'होणे'चे 'झाले'. 'मरणे'चे 'मेला'. आपण जन्मभर हे नियम मोडत आलो आहोत. फक्त आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

ते सांगितले आमच्या चार वर्षांच्या नातवाने. तो मुलीशी मराठी बोलतो आणि इतरांशी इटालियन. एका रविवारी त्याने फोनवर मला चित्र दाखवले आणि म्हणाला, "आजोबा, हे मी करलं." मुलगी म्हणाली, "करलं नाही रे, केलं." मग तो आपल्या तिकडच्या आजोबांना काहीतरी सांगायला वळला आणि तेथेही हशा पिकला. त्याने डबा 'आप्रीतो' म्हटले होते. उघडलेला म्हणजे 'आपेर्तो'. खेळणे 'रोंपूतो' म्हटले; मोडलेले म्हणजे 'रोत्तो'. इटलीतली झाडून सगळी मुले याच चुका करतात म्हणे. बिचाऱ्याचा अपराध एवढाच की तो नियम पाळत होता. मोठी माणसे पाळत नव्हती.

त्याच दिवशी मी धीर करून व्याह्यांना माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारले, असे का? जी क्रियापदे रोज लागतात तीच का वाकडी?

व्याही मूळचे सिसिलीचे. तिकडचे हजारो लोक साठीच्या दशकात पोटासाठी उत्तरेला तोरिनोच्या मोटारींच्या कारखान्यांत गेले, त्यांतले ते एक. चाळीस वर्षे फिटर म्हणून काम केलेले. ते उठून आत गेले आणि एक जुनी हातोडी घेऊन आले. तिचा दांडा मधोमध झिजून बारीक झाला होता. मग त्यांनी एक नवी कोरी हातोडी दाखवली. म्हणाले, ही दुकानातल्या सगळ्या हातोड्यांसारखी आहे, कारण हिला कोणी हात लावत नाही. ही जुनी माझ्या हाताची झाली आहे.

मी पुस्तकात पुष्कळ शोधले, पण यापेक्षा सरळ उत्तर मला मिळाले नाही. रोज तोंडात असलेला शब्द झिजतो. 'फाचेरे'चा 'फारे' होतो, 'दिचेरे'चा 'दीरे'. आणि रोज कानावर पडतो म्हणून तो त्याच्या वाकड्या रूपातच पाठ राहतो. त्याला सरळ करायची कोणाला गरज भासत नाही. क्वचित लागणारा शब्द आठवत नाही, म्हणून माणूस नियमाने तो नव्याने घडवतो. इटालियनमध्ये आज नवे क्रियापद आले की ते मुकाट्याने 'आरे' कुळात जाऊन बसते. टेलिफोन करणे ते 'तेलेफोनारे', संगणकावर टिचकी मारणे ते 'क्लिक्कारे'. सगळी सभ्य, नियमाची. आणि त्या भल्यामोठ्या 'आरे' कुळात खरीखुरी अनियमित क्रियापदे पुस्तके मोजतात अवघी चार: जाणे, देणे, करणे आणि 'स्तारे', म्हणजे राहणे. संसार आणखी काय असतो?

वाकडेपणालाही एक रीत असते, हे व्याह्यांनीच दाखवले. 'सेदेरे' म्हणजे बसणे. मी बसतो ते 'सिएदो', पण आम्ही बसतो ते 'सेदियामो'. उच्चारताना जोर त्या 'से'वर आला की त्याचा 'सिए' होतो; जोर पुढे सरकला की तो पुन्हा साधा 'से'. मग मला आठवले, आपण नाही का 'मूल' म्हणतो आणि 'मुलाला' म्हणतो, 'विहीर' म्हणतो आणि 'विहिरीत' म्हणतो? शेपूट वाढले की आधीच्या स्वराने आखडते घ्यावे, ही गृहस्थी दोन्ही घरांत आहे.

असे आमचे रविवार भरू लागले. मुलगी आता निवांत स्वयंपाकघरात जाऊ लागली. माझे काही चुकले की व्याही हसत आणि एक वाक्य म्हणत: 'नोन् ए माई त्रोप्पो तार्दी'. म्हणजे 'फार उशीर असा कधीच झालेला नसतो'. हे नाव होते इटलीच्या दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाचे. आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक १९६० ते १९६८ या काळात संध्याकाळी फळ्यावर मोठ्या कागदांवर चित्रे काढून प्रौढ माणसांना लिहावाचायला शिकवीत. व्याह्यांची आई त्यातच आपले नाव लिहायला शिकली. गावात एकाच ठिकाणी तो संच होता. बाया काम उरकून, खुर्च्या घेऊन तेथे जात. "माझी आई शिकली," व्याही म्हणत, "तुम्ही तर पदवीधर आहात."

त्यांच्या घरात एक जुने भांडण होते, तेही क्रियापदांचेच. इटालियनमधल्या भूतकाळांपैकी हे दोन. एक 'पास्सातो प्रॉस्सिमो', जवळचा भूतकाळ. त्यात 'असणे'चे किंवा 'जवळ असणे'चे वर्तमानकाळी रूप सोबतीला घेतात. 'सोनो आन्दातो', म्हणजे शब्दशः 'मी गेलेला आहे'. दुसरा 'पास्सातो रेमोतो', दूरचा भूतकाळ, एका शब्दात संपणारा. 'आन्दाई', गेलो. संपले. सीझरने 'आलो, पाहिले, जिंकले' म्हटले त्यातले 'पाहिले' म्हणजे 'वीदी'. तेच रूप आजही या दूरच्या भूतकाळात जसेच्या तसे आहे. आता उत्तरेकडची माणसे बोलताना हा दूरचा काळ जवळजवळ वापरतच नाहीत, तर सिसिलीची माणसे सकाळच्या बाजारालाही तोच लावतात. व्याही म्हणत, "आज सकाळी आन्दाई." विहीणबाई पक्क्या तोरिनोच्या. त्या म्हणत, "सकाळी गेलात ते का तुमच्या पणजोबांच्या काळात गेलात?" पन्नास वर्षे हे चालले होते. दोघांनीही माघार घेतली नव्हती.

भाषेत बरोबर कोण, हे विचारण्यात अर्थ नसतो. पण कोणाचे ऐकावे, हे एका थोर इटालियन लेखकाने दाखवून दिले आहे. मिलानच्या आलेस्सान्द्रो मान्झोनीची 'ई प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी १८२७ मध्ये निघाली आणि गाजली. तरी तो फिरेन्झेला गेला, तेथली माणसे कशी बोलतात ते ऐकले, आणि सबंध कादंबरी पुन्हा तपासून १८४० ते १८४२ मध्ये नव्याने छापली. त्यात एक दुरुस्ती अशी: जुन्या ग्रांथिक भाषेत 'एरा' म्हणजे 'मी होतो' आणि 'तो होता' दोन्ही. फिरेन्झेची साधी माणसे 'मी होतो' याला 'एरो' म्हणत. मान्झोनीने ते उचलले. आज सगळी इटली 'मी'ला 'एरो' म्हणते आणि 'तो'ला 'एरा'.

एकदा फोन ठेवताना व्याही म्हणाले, "बेने, वादो." बरे, जातो. त्याबरोबर सौ. मधे पडली. "जातो काय म्हणायचं? शुभ बोलावं माणसानं. त्यांना सांगा, येतो म्हणा." मी सांगितले. व्याह्यांना ते इतके आवडले की त्यांनी मान डोलावून ते चारदा म्हणून घेतले. त्यांच्याकडेही आईने जेवायला हाक मारली की मूल आतून 'वेंगो', येतो, असेच ओरडते. पण निघताना येतो म्हणायचे, ही कल्पना त्यांना नवी होती. तेव्हापासून दर रविवारी फोन ठेवताना ते मोठ्या ऐटीत "येतो!" म्हणत, आणि सौ. तितक्याच अदबीने "या" म्हणे. आपल्याकडे पुरुष 'येतो' म्हणतो आणि बाई 'येते', हे मी त्यांना सांगायचे राहूनच गेले. त्यांच्या 'वेंगो'ला असा भेद नसतो. विहीणबाई तर लाजून मराठीचा शब्दही काढीत नसत, तेव्हा तशी गरजच पडली नाही.

मे महिन्याची तिकिटे काढली होती. फोन नको, मुलगी नको, व्याह्यांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसून दोघांनीच बोलायचे असे ठरले होते. मी 'तर' आणि 'जर'ची रूपे पाठ करीत होतो.

मार्चमध्ये एका पहाटे मुलीचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, "बाबा, ते गेले." 'जाणे'चे 'गेले'. इतके दिवस ज्या रूपाची मी मजा पाहत होतो, ते त्या दिवशी फार सरळ वाटले.

विहीणबाईंशी रविवारी बोलायचे होते. मी वहीत वाक्य तयार केले: 'एरा उन् उओमो बुओनो'. तो भला माणूस होता. मान्झोनीचे 'एरा', तृतीय पुरुष, एकवचन. उच्चार चुकू नये म्हणून दहा वेळा म्हणून पाहिले. फोन लागला. विहीणबाई समोर आल्या. एकट्या, नेहमीच्याच खुर्चीत. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलू लागल्या. हळूहळू, मला समजावे म्हणून एकेक शब्द सुटा करून.

"लुई दीचे सेंप्रे..." तो नेहमी म्हणतो. तुम्ही मे महिन्यात येणार, असे तो नेहमी म्हणतो. संध्याकाळी पाचनंतर तो कॉफी पीत नाही, पण तुम्ही आलात तर पिईन असे म्हणतो.

म्हणतो. पीत नाही. पिईन म्हणतो. मी वहीकडे पाहिले. 'एरा' लिहिलेले होते आणि ते व्याकरणाने बिनचूक होते. पण ज्या बाईने पन्नास वर्षे दूरचा भूतकाळ घरात येऊ दिला नाही, तिला तो मी कोठून आणून देणार? मी वही मिटली आणि म्हणालो, "सी. दीचे सेंप्रे." होय, तो नेहमी म्हणतो.

मग म्हणालो, "वेनियामो." आम्ही येतो आहोत. हे रूप मात्र मला न अडखळता आले.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही, आणि या वेळी कोणी हसलेही नाही. फोन ठेवायला त्यांनी हात पुढे केला, आणि मग थांबून, आयुष्यात पहिल्यांदाच, मराठीत म्हणाल्या, "येतो."

माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती करणारी सौ. शेजारी बसली होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "या."